दोन पक्ष, एक तिजोरी

अमेरिकेत निवडणुका आल्या की आपल्याकडील भांडवली वृत्तपत्रे तेथील द्विपक्ष पद्धतीचे गोडवे गाऊ लागतात. दोनच पक्ष आणि स्थिर सरकार, हाच भारतातील ‘पक्षांच्या बुजबुजाटा’वर उतारा, असे सुचविले जाते. म्हणूनच ही पद्धत कशी घडली, हे तपासले पाहिजे.

१७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखही नाही. परंतु तिचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी त्याच वर्षी मान्य केले होते की, राजकीय गटांचे सर्वांत टिकाऊ मूळ संपत्तीच्या विषम वाटणीत असते. पुढील इतिहासाने हेच सिद्ध केले.

गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी १८५४ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने लिंकन यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक कार्य केले. १८६४ साली पहिल्या इंटरनॅशनलच्या वतीने लिंकन यांना पाठविलेले अभिनंदनपत्र खुद्द मार्क्सने लिहिले होते. मात्र १८७७ साली याच पक्षाचे अध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना असलेला केंद्रीय सैन्याचा आधार काढून घेतला आणि त्याच वर्षी रेल्वे संपकऱ्यांवर सैन्य धाडले. १८९४ साली पुलमन संप सैन्य पाठवून मोडणारे क्लीव्हलँड हे डेमोक्रॅट होते. सत्तेवरचा पक्ष बदलला. बंदुकीचा रोख बदलला नाही.

श्रमिकांनी वेगळी वाट काढण्याचे प्रयत्न केले नाहीत, असे नव्हे. १८९२ साली शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने दहा लाखांवर मते मिळविली. १८९६ साली डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन यांच्यामागे जाऊन ती विरून गेली. युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगात असलेले समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना १९२० साली नऊ लाखांवर मते पडली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने कामगार पुढाऱ्यांकडून ‘आपण कम्युनिस्ट नाही’ अशी प्रतिज्ञापत्रे मागितली; अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून तो मंजूर करण्यात दोन्ही पक्षांचे सदस्य सामील होते. निवडणूक पद्धतीचा अडसर निराळाच. १९९२ साली अब्जाधीश पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळूनही निर्वाचक मंडळातील एकही मत मिळाले नाही. मग कामगार पक्षाचा पाड काय? त्यातच २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना स्वतंत्र निवडणूक प्रचारावर अमर्याद खर्च करण्याची मुभा दिली.

दोन्ही पक्ष सर्वस्वी सारखे आहेत, असे समजणे मात्र उथळपणाचे ठरेल. संघटित होण्याचा हक्क देणारा १९३५ चा वॅग्नर कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा हे डेमोक्रॅटिक राजवटीत झाले. पण पहिल्यामागे १९३४ चे सॅन फ्रान्सिस्को व मिनिआपोलिस येथील झुंजार संप होते, तर दुसऱ्यामागे सेल्माच्या रस्त्यावर सांडलेले रक्त. पक्षांनी दिले ते जनतेने भाग पाडले म्हणून.

आपल्यालाही हाच धडा घ्यावयाचा आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले. कम्युनिस्ट पक्षांनी ते घेण्यास नकार दिला होता, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. पक्ष दोन असावेत की वीस, हा मूळ प्रश्नच नव्हे. पक्ष कोणाच्या पैशावर उभा आहे आणि कोणत्या वर्गाला उत्तरदायी आहे, हा खरा प्रश्न आहे. कामगार-शेतकऱ्यांच्या वर्गणीतून उभा राहणारा पक्ष गावोगाव व कारखान्या-कारखान्यांत बळकट करणे, हेच त्याचे उत्तर होय.