जीर्णोद्धार की अंगभंग?

जुन्या मोटारीचे इंजिन ‘मोकळे’ करण्याच्या हौसेने तिचे मूळ धूरनियंत्रक साहित्य काढून फेकणे, यास जीर्णोद्धार म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. देवळाच्या जीर्णोद्धारात मूळ तोरण कोणी भंगारात घालीत नाही! इंजिनाच्या पोटातील वायू पुन्हा ज्वलनाकडे नेणारी झडप काढली, की ते विषारी वायू बाहेर सुटतात. आत वाफ साचून तेलाचा चिखल होतो, तो निराळाच. जिला असे साहित्य मुळातच नव्हते, त्या गाडीविषयी आमची तक्रार नाही. परंतु भरवेलीच्या मँगेनीज खाणींशेजारी राहणाऱ्या बालाघाटकरांस अधिक धूर कशाला हवा? २०२१ च्या केंद्रीय नियमांनीही ५० वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ हा मान दिला, तो मूळ स्वरूप राखल्यासच. झडप तुंबली असेल, तर मिस्त्रीने ती साफ करावी अथवा नवी बसवावी.