न दुखणारे दुखणे

आमच्या इंदुरात, आमच्या शेजारीच राहणारे नाना हे शिस्तीचे गृहस्थ. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी पहाटेचे स्नान, देवपूजा आणि वर्तमानपत्राचे वाचन हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. काही वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली. चार-पाच महिन्यांत आकडा ताळ्यावर आला. नानांनी गोळी बंद केली. काकूंनी टोकले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, मला काही होतंय का? मग उगाच औषध कशाला?’’ पुढे एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा पेला गळून पडला, शब्द बोबडे झाले आणि उजवा हात उचलेना. मुलाने तत्काळ रुग्णालयात नेले म्हणून प्राण वाचले. आज नाना हिंडतात-फिरतात. पण ज्या हाताने त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना अक्षर वळवायला शिकवले, तो हात आता थरथरतो.

‘मला काही होतंय का?’ हा प्रश्न नानांचा एकट्यांचा नाही. तो घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर हवे असेल, तर आपल्या देहातील रक्ताची वाट थोडी समजून घेतली पाहिजे.

यकृतात नवे रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते, अशी समजूत युरोपात सुमारे चौदाशे वर्षे टिकून होती. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती मोडून काढली, आणि तीही एका साध्या हिशेबाने. हृदय एका ठोक्याला थोडेच रक्त बाहेर टाकते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते सबंध शरीरातील रक्ताहून अधिक भरते. एवढे रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने कोठून येणार? अर्थात तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. रोहिण्यांतून निघालेले रक्त नीलांत कोणत्या वाटेने शिरते, हे मात्र हार्वेला दिसले नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

आजचा हिशेब असा : प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मुठीएवढे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे सत्तर ठोके देते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाभरात जवळजवळ सगळे रक्त एक फेरी करून येते. दिवसाचे ठोके होतात सुमारे एक लाख. हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूस येते, आणि तेथून महारोहिणीवाटे मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत पोहोचते.

पायांतून परत वर येणे मात्र सोपे नसते. त्यासाठी नीलांत झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली घसरू देत नाहीत. आपण चालू लागलो की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून नीलांना दाबतात आणि रक्त हृदयाच्या दिशेने सरकते. गाडीत तासन् तास बसल्यावर पाय सुजतात, ते ही मदत थांबल्यामुळे. ‘जेवण झाले, आता शतपावली करा’ असे सांगणारी आजी पोटरीचे हे कार्य जाणत नसेल, पण तिचा सल्ला योग्यच होता.

आता नानांच्या प्रश्नाकडे वळू. रक्त पुढे जावयाचे तर रोहिण्यांत दाब हवाच. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि ते सैल होते तेव्हाचा खालचा. १२०/८० च्या आसपासचा दाब चांगला. डॉक्टरांकडे निरनिराळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. हा वाढीव दाब दिवसातून लाख वेळा त्याच त्या भिंतींवर आदळतो. त्या कडक आणि जाड होतात, हृदयाचा स्नायू जादा श्रमाने जाड होऊन पुढे थकतो, मूत्रपिंडातील व डोळ्यांतील नाजूक वाहिन्या झिजतात, मेंदूतील एखादी वाहिनी फुटते किंवा तुंबते. हे सर्व घडत असताना बहुतेकांना काहीही दुखत नाही. ‘काही होत नाही’ आणि ‘काही जाणवत नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. नानांचा घात झाला तो या दोहोंची गल्लत झाल्यामुळे. आकडा उतरला होता तो गोळीमुळे. गोळी गेली आणि तो मुकाट्याने पुन्हा चढला.

म्हणून मोजणे हाच उपाय. आज घरी वापरण्याची यंत्रे मिळतात. मात्र मोजण्याची रीत पाळावी. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, मोजताना बोलू नये, आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे टिपून ठेवावेत.

दुसरी गोष्ट मिठाची. मीठ अंगात पाणी धरून ठेवते, वाहिन्यांतील द्रव वाढतो आणि दाबही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. त्यात लोणचे, पापड आणि चटणीही आली. आम्हा इंदूरकरांना पोह्यांवर शेव हवीच. ती मूठभर न घालता चिमूटभर घातली, तर पोह्यांचा मान काही कमी होत नाही. तंबाखू मात्र चिमूटभरही नको. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालावे. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नये, मग आकडा कितीही सुरेख येवो.

तरीही कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नये आणि तोंडात पाणी घालू नये. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले.

नाना आता आपले आकडे स्वतःच वहीत लिहितात. अक्षर वेडेवाकडे येते, पण खाडा होत नाही. येत्या रविवारी घरातील सर्व वडीलधाऱ्यांचा, आणि तिशी ओलांडलेल्या मुला-सुनांचाही, रक्तदाब मोजून वाचकांनी अशी एक वही सुरू केली, तरी या महिन्याचे सदर लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.