शिट्टी वाजवणाऱ्या पोराला एकटे सोडू नका

शाळांच्या परीक्षा संपल्या, की आपल्या मीरा-भाईंदर परिसरात मुलांच्या फुटबॉल स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. दहा वर्षांखालील, बारा वर्षांखालील, चौदा वर्षांखालील असे गट पडतात. टर्फवर पाच-पाच किंवा सात-सात जणांचे सामने होतात आणि मोठे मैदान मिळालेच तर अकरा-अकरांचे. अशा वेळी आरोग्याच्या पानांवर खेळाडूंच्या घोट्यांविषयी, गुडघ्यांविषयी आणि खाण्यापिण्याविषयी बरेच लिहिले जाते. पण बावीस खेळाडूंच्या मध्ये धावणाऱ्या तेविसाव्या माणसाकडे, म्हणजे पंचाकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मुलांच्या सामन्यांतला हा पंच पुष्कळदा स्वतःच पोरगेला असतो. अकरावी-बारावीत शिकणारा, काल-परवापर्यंत शाळेच्या संघातून खेळणारा मुलगा किंवा मुलगी. गळ्यात शिट्टी, खिशात दोन कार्डे आणि मैदानाभोवती तावातावाने ओरडणारी, त्याच्या आईवडिलांच्या वयाची माणसे. या मुलांचे आरोग्य हा आजचा विषय आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. नव्या पंचाला पहिले काही सामने एकट्याने करायला लावणे हे त्याच्या शरीराला आणि मनाला अपायकारक आहे. त्याला एक थोरला सोबती आणि बरोबरीचे मित्र मिळालेच पाहिजेत. ही चैन नव्हे, गरज आहे.

शरीरावर पडणारा भार

पंच नुसता उभा राहून शिट्टी वाजवतो, असा अनेकांचा समज असतो. मोठ्यांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यात पंच साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. फिफाच्या पंचांसाठी अनेक वर्षे जी चाचणी प्रचलित आहे, तिच्यात आधी ४० मीटरच्या सहा वेगवान धावा असतात. त्यानंतर ७५ मीटर धावणे आणि २५ मीटर चालणे असे लागोपाठ चाळीस वेळा करावे लागते. म्हणजे चार किलोमीटर झाले. मुलांचे सामने लहान असतात हे खरे. पण खेळाडू एक सामना खेळून सावलीत बसतो आणि पंच त्याच उन्हात दुसरा, तिसरा, चौथा सामना घेतो.

आपला भाग खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये वसलेला. इथली हवा दमट, त्यामुळे घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. कृत्रिम गवताचे टर्फ उन्हात साध्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी घामावाटे गेले, तरी कामगिरी खालावू लागते. पन्नास किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हे पाणी अवघे एक लिटर होते. आधी पोटरीत पेटके येतात, डोके जड होते आणि लक्ष विचलित होते. निर्णय चुकला की प्रेक्षक ओरडतात, आणि ओरडा ऐकून पुढचा निर्णय आणखी चुकतो. ज्याला आपण ‘पंचाची चूक’ म्हणतो, ती कित्येकदा न प्यायलेल्या पाण्याची चूक असते.

मुलगा भ्रमिष्टासारखा बोलू लागला, अडखळला किंवा त्याला उलटी झाली, तर उष्माघाताची शंका घ्यावी. अंगाला घाम असला तरी धोका टळला असे समजू नये. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात हलवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. पण हे सगळे करायचे, तर त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष हवे. खेळाडूकडे प्रशिक्षक बघतो, मुलांकडे पालक बघतात. एकट्या पंचाकडे कोण बघणार?

मनाला होणारी जखम

शरीराचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. मनाला लागलेला घाव मात्र तसा जात नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात चारचौघांत झालेला अपमान फार खोलवर लागतो. ‘ए रेफ्री, डोळे फुटले का?’ इथपासून सुरू झालेली भाषा कुठवर जाते, हे मैदानावर जाणाऱ्यांना सांगायला नको. त्यानंतर ज्या तक्रारी दिसतात, त्या घरच्यांना कळत नाहीत. रविवारी सकाळी पोट दुखते, आदल्या रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही. घरचे पित्ताचे औषध देतात. मुलगा काही बोलत नाही आणि पुढच्या महिन्यात शिट्टी कपाटात टाकून देतो. एक चांगला पंच घडण्याआधीच गेला, याची नोंद कुठेही होत नाही.

हे प्रकरण केवळ शब्दांवर थांबेलच असेही नाही. हॉलंडमध्ये आल्मेर या गावी डिसेंबर २०१२ मध्ये मुलांच्या सामन्यानंतर किशोरवयीन खेळाडूंनी लाईन्समनला मारहाण केली आणि तो दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो धंदेवाईक पंच नव्हता. आपल्या मुलाच्या सामन्यात स्वेच्छेने झेंडा धरणारा एक बाप होता. त्यानंतरच्या आठवड्याअखेरचे हौशी फुटबॉलचे सारे सामने तिथल्या संघटनेने रद्द केले. अनुभवी पंचही धमक्यांपुढे हतबल होतात. स्वीडनचे नामवंत पंच आंदेर्स फ्रिस्क यांनी जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे मार्च २००५ मध्ये निवृत्ती पत्करली. इतक्या मुरलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या बारावीतल्या पोराने काय करावे?

यावर काही जुने खेळाडू म्हणतात, ‘शिव्या खाल्ल्याशिवाय पंच तयार होत नाही. आम्हीही खाल्ल्या.’ हा युक्तिवाद मला पटत नाही. निर्णयावरची टीका वेगळी आणि माणसावरची शिवी वेगळी. टीकेने पंच सुधारतो. शिवीने तो एक तर पळतो, नाही तर निबर होतो. निबर झालेला पंच मुलांवर ओरडतो, उगाच कार्डे दाखवतो. म्हणजे शेवटी नुकसान आपल्याच मुलांचे होते.

थोरला सोबती

दिंडीत नवखा टाळकरी जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी उभा राहूनच ठेका धरतो. उत्तनच्या बोटीवर नवा खलाशी पहिल्याच दिवशी तांडेल होत नाही. तालमीतल्या पोरावर वस्तादाची नजर असते. शिकण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. फक्त पंचाच्या बाबतीत आपण ती विसरलो.

खुद्द फुटबॉलनेही ती विसरलेली नाही. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी फुटबॉलच्या नियमांत बदल होऊन पंच मैदानाच्या आत आला आणि त्याच्या मदतीला रेषेवर दोन लाईन्समन उभे राहिले. १९९६ पासून त्यांना सहाय्यक पंच म्हणतात. आज विश्वचषकाच्या सामन्यात पंच कानाला यंत्र लावून आपल्या साथीदारांशी सतत बोलत असतो. म्हणजे जगातल्या सर्वांत अनुभवी पंचाला सर्वांत जास्त सोबत, आणि गल्लीतल्या नवख्या पंचाला अजिबात नाही. हा उलटा न्याय आहे.

थोरल्या सोबत्याने करायचे काम अवघड नाही. माजी खेळाडू, क्रीडाशिक्षक किंवा दहा-पंधरा वर्षे सामने घेतलेला पंच ते करू शकतो. त्याने सामन्याआधी अर्धा तास यावे, नव्या पंचाबरोबर मैदानाला एक फेरी मारावी, जाळी आणि खांब तपासावेत, दोन्ही प्रशिक्षकांशी त्याची ओळख करून द्यावी. सामना चालू असताना रेषेबाहेर, पालकांच्या बाजूला उभे राहावे. एवढ्यानेच अर्धी आरडाओरड थांबते. मात्र निर्णयात ढवळाढवळ करू नये. पेनल्टी चुकीची दिली असे वाटले, तरी गप्प राहावे. निर्णय पंचाचाच. मारामारी किंवा दुखापत यांसारखा धोका दिसला तरच पुढे व्हावे.

खरे काम सामन्यानंतरचे. समजा, बारा वर्षांखालच्या सामन्यात नव्या पंचाने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली, त्यावर गोल झाला आणि हरलेल्या बाजूचे पालक अंगावर धावून आले. अशा वेळी लगेच चुकांचा पाढा वाचू नये. आधी पाणी द्यावे, सावलीत बसवावे. मग विचारावे, ‘तुला काय दिसले?’ त्याला पूर्ण बोलू द्यावे. एक गोष्ट चांगली झाली असेल ती नेमकी सांगावी. ‘छान केलेस’ असे मोघम नको, ‘तू चेंडूच्या जवळ होतास, म्हणून तुला हात स्पष्ट दिसला’ असे हवे. मग सुधारण्याची एकच गोष्ट सांगावी. दहा सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. आणि हे बोलणे चारचौघांत कधीही करू नये. रात्री एक फोन करावा, ‘जेवलास का? झोप येते का?’ हा दोन मिनिटांचा फोन मला कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचा वाटतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर थोरल्याशी होणाऱ्या गाठीभेटी उघड्यावर, इतरांच्या नजरेसमोर व्हाव्यात आणि घरच्यांना त्यांची माहिती असावी. मुलींना शक्यतो बाई मार्गदर्शक मिळावी. गोव्याच्या युवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथे झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहाय्यक पंच म्हणून काम केले. आपल्या मुलींपुढे अशी उदाहरणे असताना त्यांना कपडे बदलायला बंद खोलीसुद्धा न मिळणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

बरोबरीचे मित्र

थोरल्याला सगळेच सांगता येत नाही. ‘मला रडू आले’ हे पोरगे आपल्या वयाच्या मित्रालाच सांगते. म्हणून नव्या पंचांना दोघादोघांनी पाठवावे. आज मी मध्ये, तू रेषेवर. पुढच्या सामन्यात तू मध्ये, मी रेषेवर. जाताना एकाच लोकलने जावे, येताना एकत्र खावे, फजितीवर एकत्र हसावे. ज्या चुकीवर दोघे हसले, ती चूक रात्री झोप उडवत नाही.

मैत्री म्हणजे पाठीशी घालणे नव्हे, हेही सांगायला हवे. मित्राने ऑफसाईडचा झेंडा उशिरा उचलला, तर त्याला ते सांगणारा मित्रच असला पाहिजे. मोठा सामना एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, म्हणून हेवादावाही होतो. आयोजकांनी नेमणुकांची वाटणी उघडपणे केली, तर तो पुष्कळ कमी होईल.

आयोजक, पालक आणि पंच यांच्यासाठी

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या घरात होती, ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मैदाने त्या वेगाने वाढली नाहीत. थोड्या जागेत जास्त सामने उरकायचे, म्हणून दुपारच्या उन्हातही खेळ चालतो. तेव्हा पुढील गोष्टी तरी व्हाव्यात:

१. नव्या पंचाला पहिले पाच सामने थोरल्या सोबत्याशिवाय देऊ नयेत, आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त सामने देऊ नयेत.

२. दुपारी बारा ते चार मुलांचे सामने ठेवू नयेत. पाणी पिण्यासाठी आणि अंग थंड करण्यासाठी खेळ थांबवण्याची मुभा फुटबॉलच्या नियमांत आहे. स्पर्धेच्या नियमावलीत ती लेखी घालावी.

३. पंचासाठी सावलीत खुर्ची, पिण्याचे पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. मानधन त्याच दिवशी, सन्मानाने द्यावे.

४. पालकांना दोरीमागे बसवावे. शिवी देणाऱ्याला एकदा समज द्यावी, दुसऱ्यांदा मैदानाबाहेर पाठवावे. पंच अल्पवयीन आहे हे सामन्याआधी जाहीर करावे. इंग्लंडमध्ये काही संघटना अशा पंचांच्या दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात, ते आपल्यालाही जमेल.

५. पंचाने सामन्याच्या दोन-तीन तास आधी पोहे, इडली किंवा भाजी-भाकरी असा हलका आहार घ्यावा. रिकाम्या पोटी किंवा नुसत्या वडापाववर दिवस काढू नये. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

६. झोप, भूक किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक बिघडला तर डॉक्टरांना दाखवावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मन मोकळे करण्यात कमीपणा नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही, आणि ज्यांना आहे तो एका चषकाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. येत्या रविवारी आपल्या मुलाचा सामना बघायला जाल, तेव्हा एक करून पाहा. मध्यंतरात मुलासाठी नेलेल्या पाण्याच्या बाटल्यांपैकी एक त्या शिट्टीवाल्या पोराच्या हातात द्या. सामना हरलात तरी त्याच्याशी हात मिळवा. तोही कोणाचा तरी मुलगा आहे, आणि त्याच्याशिवाय आपल्या मुलाचा खेळ सुरूच होत नाही.