निनावी विषाणूचा माग

हॉलिवूड अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नीचा फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतील राहत्या घरी हंटा विषाणूच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि उंदरांपासून माणसाला होणाऱ्या या दुर्मीळ आजाराकडे जगाचे लक्ष पुन्हा वेधले गेले. अमेरिकेत या आजाराचा छडा प्रथम लागला तो याच राज्यात.

मे १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडो व युटा यांच्या सीमा जेथे मिळतात, त्या भागात धडधाकट तरुण श्वास कोंडून दगावू लागले. नावाहो समाजातील एक धावपटू व त्याची वाग्दत्त वधू काही दिवसांच्या अंतराने मरण पावले, तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना शंका आली. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णांचे रक्तद्रव ज्ञात विषाणूंशी ताडून पाहिले आणि धागा हंटाशी जुळला. हे अनपेक्षितच होते, कारण कोरियात ली हो-वांग यांनी सत्तरच्या दशकात शेतातील उंदरात शोधलेला हंटा मूत्रपिंडावर आघात करतो. येथे तर फुप्फुसे पाण्याने भरत होती. मग सापळे लावले गेले. तपासलेल्या ‘डियर माउस’ उंदरांपैकी सुमारे ३० टक्के बाधित निघाले. त्यांच्या सुकलेल्या मलमूत्राची धूळ श्वासावाटे शरीरात जात होती. स्थानिकांनी आपल्या परिसराचे नाव विषाणूला देण्यास विरोध केल्यामुळे तो अखेर ‘सिन नोम्ब्रे’, म्हणजे निनावी, ठरला!

या यशाचे श्रेय सहसा जनुकीय चाचणीला दिले जाते. ते अपुरे आहे. वर्षानुवर्षे उंदरांची गणती करणारे प्राणिशास्त्रज्ञ तेथे नसते, तर आदल्या काळातील पावसाने त्यांची संख्या किती वाढली, हे कळलेच नसते. जुन्या साठवलेल्या नमुन्यांतही विषाणू सापडला. १९५९ मध्ये युटातील एका रुग्णाला हाच आजार झाल्याचे मागाहून निष्पन्न झाले. आज यंत्रे उंदरांतील नवनव्या विषाणूंची यादी झपाट्याने वाढवीत आहेत; परंतु त्यांतील कोणता माणसाला बाधतो, याची साक्ष रुग्णाचे रक्तच देते.

भारताचा येथे जुना संबंध आहे. वेल्लोरमध्ये १९६४ साली चिचुंद्रीत (ती उंदीर नव्हे, हे खरे) सापडलेला ‘थोट्टपालयम’ विषाणू पुढे हंटाच्याच कुळातील ठरला. तेथील संशोधकांना नंतर तापाच्या रुग्णांत आणि उंदीर पकडणाऱ्या इरुळ आदिवासींत हंटाविरोधी प्रतिपिंडे आढळली. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ताप येऊन मूत्रपिंडे निकामी झाली, की पहिला संशय लेप्टोस्पायरोसिसवर जातो, आणि ते रास्तही आहे. मात्र हंटाची लक्षणे त्याच्याशी विलक्षण मिळतीजुळती असतात. लेप्टोची चाचणी नकारात्मक आलेल्या अशा रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवून हंटासाठी तपासणे, ही सरकारी रुग्णालयांना न झेपणारी गोष्ट नव्हे.