नरक्याची कत्तल आणि नफ्याचे गणित

औषधी वनस्पतींच्या अंतरंगात राहणाऱ्या बुरशींपासून कर्करोगावरील औषधे मिळणार, अशा वार्ता भांडवली वृत्तपत्रांतून अधूनमधून झळकतात. वार्ता खोटी नसते. खोटा असतो तो तिच्या शेपटाला जोडलेला उपदेश : खासगी भांडवलाला मोकळे रान द्या, म्हणजे हे औषध गरिबाच्या दारी आपोआप येईल! आजवरचा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

सह्याद्रीच्या वनांत वाढणाऱ्या नरक्याचे उदाहरण घ्यावे. कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. हे वाणी नंदुरबारचे सुपुत्र. १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखवून दिले. त्यापासून घडविलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि बाजारात मागणी वाढली. तेव्हापासून नरक्यावर कुऱ्हाड चालत आहे. झाड तोडायचे, ढलप्या करायच्या, पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे धाडायच्या. कुऱ्हाड चालविणाऱ्या हाताला मजुरी मिळते. औषधाच्या किमतीशी त्या मजुरीचा काही संबंध उरत नाही.

या कत्तलीला पर्याय विज्ञानानेच सुचविला आहे. झाडाला इजा न करता त्याच्या ऊतींत वस्ती करणाऱ्या बुरशी असतात. त्यांपैकी काही यजमान झाडासारखेच द्रव्य तयार करतात. २००५ साली जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतील संशोधकांनी नरक्यातून अशी बुरशी वेगळी केली, आणि ती झाडाबाहेर, काचपात्रातही कॅम्प्टोथेसिन निर्माण करते असे प्रसिद्ध केले. याचा अर्थ उघड आहे. पेनिसिलिनप्रमाणे हे द्रव्यही टाक्यांतून आंबवून काढता आले, तर एकही झाड पाडावे लागणार नाही आणि औषधाचा कच्चा माल स्वस्त होईल.

मग ते झाले का नाही? वाटेत खरी अडचण आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. चिनी वृक्षातील अशाच बुरशीच्या अभ्यासात आढळले की, झाडापासून तोडलेली बुरशी पिढ्यांमागून पिढ्या हे द्रव्य कमी कमी बनवू लागते. द्रव्य घडविण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर ती यजमान झाडाकडून उसने घेत असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. हे कोडे सोडवायला हवीत वर्षानुवर्षांची चिकाटी, आणि हाती काहीच न लागण्याची तयारी. भांडवल ती दाखवीत नाही. मजुराचे श्रम स्वस्त आहेत आणि जंगल जवळजवळ फुकट आहे, तोवर बुरशीवर पैसा कोण घालील? नफ्याच्या गणितात कुऱ्हाडच किफायतशीर ठरते!

‘जोखीम भांडवल पत्करते, म्हणून नफाही त्याचा,’ असा दावा येथे हमखास पुढे येतो. टॅक्सॉलचा इतिहास त्याचा निकाल लावतो. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीचे नमुने १९६२ साली गोळा केले ते अमेरिकी सरकारच्या कर्करोग-संशोधन कार्यक्रमासाठी. १९७१ साली त्याची रचना जाहीर करणारेही वॉल आणि वाणीच. १९९१ साली हे सारे संचित सरकारी संस्थेने करार करून ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीच्या हवाली केले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ साली हिशेब मांडला तो असा : २००२ अखेरपर्यंत सरकारी आरोग्य संस्थांचा टॅक्सॉलविषयक संशोधनावर खर्च ४८.४ कोटी डॉलर, कंपनीची विक्री सुमारे ९०० कोटी डॉलर, आणि संस्थेच्या पदरात स्वामित्वशुल्क अवघे ३.५ कोटी डॉलर. जोखीम जनतेची आणि मलई कंपनीची!

त्याच यू वृक्षातील बुरशी टॅक्सॉल बनवते, असे १९९३ साली जाहीर होताच मोठा गाजावाजा झाला. पण तिचे उत्पादन लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतकेच होते. २०१३ साली जर्मनीतील संशोधकांनी तिची जनुके तपासली, तेव्हा ती स्वतंत्रपणे टॅक्सॉल घडवू शकते याला पुरावाच मिळाला नाही. सत्य शोधण्यासाठी असा उलटतपास अटळ असतो. मात्र तो नफ्याच्या तिमाही ताळेबंदात बसत नाही.

‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते,’ असे सांगणाऱ्या पुनरुज्जीवनवाद्यांचा मार्गही याहून निराळा नाही. वनवासीयांच्या ज्ञानाचा गौरव करायचा आणि २०२३ साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती करून ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून मोकळे करायचे, कायद्यातील तुरुंगवासाची तरतूदही काढून टाकायची, हा कसला गौरव? त्यात लाभ कंपन्यांचा आहे, जंगल राखणाऱ्यांचा नाही.

पर्याय हवेतला नाही. बुरशीपासून औषध करण्याची विद्या या देशाच्या सार्वजनिक क्षेत्राने कधीच कमावली होती. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये कामगारांनी व तंत्रज्ञांनी पेनिसिलिन बनविले. तोच कारखाना पुढे आजारी पाडण्यात आला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जास्तीची जमीन विकण्याचा व कारखानाही विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. ज्या टाक्यांत नरक्याच्या बुरशीचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करता आला असता, त्यांच्याखालच्या जमिनीचा भाव काढला गेला!

म्हणून या प्रश्नावरील मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सरकारी प्रयोगशाळांना या संशोधनासाठी दीर्घ मुदतीचा निधी द्या. वेगळी केलेली प्रत्येक बुरशी सार्वजनिक संग्रहात ठेवा आणि जनतेच्या पैशातून लागलेल्या शोधावर कोणाचाही मक्ता होऊ देऊ नका. सार्वजनिक औषध कारखाने पुन्हा उभे करा. नरक्याच्या लागवडीचा व रक्षणाचा अधिकार ग्रामसभांकडे द्या, आणि त्या श्रमाचा रास्त मोबदला द्या.

जम्मूच्या काचपात्रातील ती बुरशी आणि सह्याद्रीच्या उतारावर कुऱ्हाड धरलेला मजूर एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. त्या मजुराच्या घरी उद्या कर्करोग शिरला, तर त्याने स्वतः तोडलेल्या झाडाचे औषध त्यालाच परवडणार नाही. ही व्यवस्था बदलण्याचे काम विज्ञान एकटे करू शकत नाही. ते संघटित कष्टकऱ्यांनाच करावे लागेल.