पुठ्ठ्याचा दगड कोणी केला?

(द्वितीय वर्ष, कला)

देवळाचा कळस साऱ्या गावाला दिसतो, पायातला दगड कोणालाच दिसत नाही. चित्रपटाच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे आहे. ज्या चित्रपटांना सुशिक्षित माणसे 'मारधाडीचे' म्हणून नाक मुरडतात, त्या ढाल-तलवारीच्या चित्रपटांविषयी मला या अंकात चार शब्द लिहायचे आहेत. विषय कोणाला हलका वाटेल. कथा-कवितांच्या पंक्तीत हे पान कसे शोभणार, असेही कोणी म्हणेल. पण हे चित्रपट कसे तयार होतात ते पाहू लागले, की एक प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न मुळीच हलका नाही.

प्रथम थोडे दूर, इटलीला जाऊ. तेथे १९१४ साली जोव्हानी पास्त्रोने यांनी 'काबिरिया' नावाचा भव्य मूकपट काढला. रोम आणि कार्थेज यांच्या युद्धकाळातील ही कथा. तीत माचिस्ते नावाचा एक बलदंड गुलाम आहे. ती भूमिका करणारा बार्तोलोमेओ पागानो हा मुळात नट नव्हताच, जिनोआच्या बंदरात तो गोदी कामगार होता. लोकांना हा कामगार इतका आवडला, की पुढे माचिस्तेचे चित्रपट एकामागून एक निघू लागले. बोलपटाच्या काळात, १९५८ साली, पिएत्रो फ्रान्चिस्की यांचा 'हर्क्युलिस' आला. नायक होता स्टीव्ह रीव्ह्ज हा अमेरिकन शरीरसौष्ठवपटू. पुढच्या वर्षी एका अमेरिकन वितरकाने प्रचंड जाहिरात करून हा चित्रपट आपल्या देशात लावला आणि तो धो धो चालला. मग काय विचारता! इटलीत पिळदार दंडांच्या चित्रपटांची लाटच उसळली. १९६५ च्या सुमारास ती ओसरली आणि तिची जागा काउबॉयच्या चित्रपटांनी घेतली.

हे चित्रपट तयार कसे होत? पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. एका चित्रपटासाठी उभारलेला राजवाडा दुसऱ्यात देऊळ म्हणून उभा राही. नायक डोक्यावर उचलून फेकी तो पहाडासारखा दगड हलका, पोकळ, रंगवलेला असे. संवाद मागाहून भरले जात, त्यामुळे पडद्यावर देह एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा. 'हर्क्युलिस'चे छायाचित्रण मारियो बावा यांचे होते. त्यांनी १९६१ साली स्वतः हर्क्युलिसचाच एक चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा मोजकेच खांब इकडून तिकडे हलवून, धूर सोडून आणि रंगीत प्रकाश टाकून त्यांनी अख्खा पाताळलोक उभा केला. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, पण हातात कला होती.

आणि या हातांची नावे? इथेच गंमत आहे. अमेरिकन नावाला भाव, म्हणून इटलीच्या पोरांनी आपली नावेच बदलली. आद्रियानो बेल्लिनी जाहिरातीत 'कर्क मॉरिस' झाला, सेर्जो चानी 'ॲलन स्टील' झाला. काम आपले, घाम आपला, आणि नाव मात्र परक्याचे!

आपल्याकडे याहून फार निराळे घडले असे नाही. मुंबईत १९३५ साली वाडिया बंधूंच्या 'हंटरवाली'ने स्टंटपटांना लोकप्रिय केले. पुढे दारासिंग आखाड्यातून पडद्यावर आले. त्यांचा 'किंग काँग' १९६२ सालचा, तर 'सॅमसन' आणि 'हर्क्युलिस' १९६४ सालचे. म्हणजे पैलवान आपला आणि नाव परक्यांचे. 'किंग काँग'चे दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री हे मूळचे करामती दृश्यांचे कारागीर. 'ख्वाब की दुनिया' या १९३७ सालच्या चित्रपटात त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हवेत नाचवल्या, म्हणून त्यांना 'काला धागा' हेच नाव पडले. मला हे नाव फार आवडते. धागा दिसला तर खेळ बिघडतो. ज्याचे काम न दिसण्यातच यशस्वी होते, अशा माणसाची आठवण लोकांनी निदान टोपणनावात तरी ठेवली.

कोल्हापूरची गोष्ट याहून मोठी आहे. बाबूराव मेस्त्री सुतारकाम आणि शिल्पकाम करणाऱ्या घरात जन्मले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते 'पेंटर' झाले आणि तेच त्यांचे आडनाव बनले. त्यांनी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच तयार केला. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरी बांधणी असलेले देखावे उभारले. १९२३ साली 'सिंहगड' काढताना रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्या चित्रपटात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. कंपनीत पडेल ते काम करीत वर आलेला हा मुलगा. पुढे १९२९ साली 'प्रभात' स्थापन करणाऱ्या पाचांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे पेंटरांच्याच कंपनीत हाताने काम करून तयार झालेले होते. 'प्रभात'ने १९३० साली शिवचरित्रावर चित्रपट काढला, त्याचे नाव होते 'स्वराज्याचे तोरण'. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला ते खपले नाही, म्हणून तो 'उदयकाल' या नावाने दाखवावा लागला. नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. नावात इतके काही आहे, की साम्राज्यालाही त्याची धास्ती वाटते.

तेव्हा माझे म्हणणे असे. ढाल-तलवारीच्या चित्रपटाला 'खोटा' म्हणून हसणारे लोक चुकीच्या जागी हसतात. पुठ्ठ्याचा दगड ही फसवणूक नव्हे, ती कारागिरी आहे. फसवणूक आहे ती 'हा दगड एकट्याने उचलला' असे सांगण्यात. त्या पडद्यावर एकटा वीर खांब पाडतो, जुलमी राजा मरतो आणि हजारो माणसे नुसती टाळ्या वाजवतात. पडद्यामागे मात्र नेमके उलटे असते. एकट्याचे तेथे काहीच चालत नाही. सुतार, शिंपी, चांभार, रंगारी, घोडेवाले आणि दिवे धरणारे यांच्या जिवावर तो एकटा उभा असतो. म्हणजे हा चित्रपट आपल्या जन्माची कहाणीच लपवतो.

यावर कोणी म्हणेल, की बाई, त्यांना मजुरी मिळाली, संपले. कविता कवीची असते, कागद बनवणाऱ्याची नव्हे. आक्षेप वजनदार आहे. दिग्दर्शकाची दृष्टी नसेल तर शंभर सुतार मिळूनही चित्रपट होणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण मजुरी आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरीने पोट भरते. मानाने माणसाची मुले आपल्या बापाचे काम ताठ मानेने सांगू शकतात.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर आहेत. त्यांच्या हातून गेलेला माल कुठल्या कुठे जातो, पण पिंपावर छापलेले नाव कंपनीचे असते. आई शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मंडळाने ऐतिहासिक नाटक बसवले, तेव्हा तिने शेजारच्या मावशींना हाताशी घेऊन चौदा अंगरखे शिवले. प्रयोगाच्या आदल्या रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली बसून तिने शेलारमामाच्या शेल्याला जर लावली. पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची आणि देणगीदारांची नावे होती. आईने पत्रिका उलटून पालटून पाहिली आणि घडी घालून डब्यात ठेवली. ती काही बोलली नाही. बोलायचे असते हेच तिला कोणी शिकवलेले नाही. आम्हाला शिकवले आहे, म्हणून आम्ही बोलले पाहिजे.

आपला हा किनारा इतिहासाने भरलेला आहे. तारापूरचा किल्ला आणि नंतर वसई, दोन्ही १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले. तारापूरच्या झुंजीत बाजी भीवराव पडले. वसईच्या तटाखाली सुरुंग खणले गेले तेव्हा कोठे तो तट फुटला. उद्या कोणी या मोहिमेवर मोठा चित्रपट काढील. 'फर्जंद' (२०१८) आणि 'पावनखिंड' (२०२२) यांनंतर तसा प्रेक्षक तयारच आहे. तो चित्रपट निघाला तर आम्ही पालघरची मुले पहिल्या दिवशी जाऊ. पण त्यात अंधारात माती उपसणारे हातही दिसावेत, अशी माझी अपेक्षा आहे. पोकळ खडक एकट्याने फेकणारा आणखी एक हर्क्युलिस, फक्त फेटा बांधलेला, आम्हाला नको.

आजकालच्या चित्रपटाच्या शेवटी नावांची लांबलचक रांग येते. किल्ला संगणकावर उभारणाऱ्या मुलांपासून चहा देणाऱ्यापर्यंत सारे त्यात असतात. म्हणजे जे इटलीला आणि मुंबईला त्या काळी फारसे जमले नाही, ते आज होऊ लागले आहे. पण आपण काय करतो? दिवे लागताच चपला शोधतो! पेंटरांच्या कंपनीतल्या माणसांना नाव मिळाले ते त्यांनी आपली कंपनी काढली तेव्हा. सगळ्यांना कंपनी काढता येत नाही. वाचणारा मात्र प्रत्येकाला होता येते.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक साधी सूचना आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेचे शेवटचे पान कोरे ठेवू नये. मंडप घालणारे, कपडे शिवणारे, दिव्यांची वायर ओढणारे, खुर्च्या मांडणारे शिपाईकाका, या सर्वांची नावे त्यावर पूर्ण छापावीत, आडनावासकट. आणि पडदा पडल्यावर ती मोठ्याने वाचावीत. सारे मिळून फार तर पाच मिनिटे लागतील. तेवढी पाच मिनिटे आपण कोणीही जागेवरून उठू नये.