हसवणारी पुस्तके : कोणत्या वयाला कोणते?

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, कावीळ, जुलाब अशा विषयांवर बोलत असतो. आज मात्र औषधाच्या दुकानात न मिळणाऱ्या वस्तूची चिठ्ठी लिहून देणार आहे. ती वस्तू म्हणजे हसवणारी, मन हलके करणारी गोष्टींची पुस्तके.

‘डॉक्टर, आमच्याकडं कोण पुस्तक वाचतंय?’ असे पुष्कळजण म्हणतील. माझे मत असे की, या पुस्तकांची सर्वांत जास्त गरज आपल्याच जिल्ह्याला आहे. दसरा-दिवाळी झाली की हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर निघून जातात. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि बाकीची आजी-आजोबांजवळ. म्हणजे घरात उरतात एक म्हातारे माणूस आणि एक लेकरू. म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही आणि लेकराचे पोट दुखते. अशा लेकराच्या तपासण्या पुष्कळदा निर्दोष निघतात, पण म्हणून त्याचे दुखणे खोटे नसते. मनातली हुरहूर पोटातून बोलते. अशा घरात संध्याकाळी अर्धा तास कुणी मोठ्याने गोष्ट वाचली, तर त्याचा दोघांनाही उपयोग होतो.

हसण्याने रोग बरा होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने १९७९ साली आपल्या आजारपणावर पुस्तक लिहिले. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोटभर हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागे, असा त्याचा अनुभव होता. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. मनमोकळे हसल्यावर अंगाचा ताण सैल पडतो आणि घटकाभर काळजी विसरते, एवढे नक्की. साखरेची किंवा बी.पी.ची गोळी त्यासाठी बंद करू नये.

आता वयाप्रमाणे पाहू.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ द्यावा. पोरका मुलगा असूनही तो सगळ्यांना आपलेसे करतो. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ शहरातला असला, तरी त्याच्या उचापती खेड्यातल्या मुलांनाही ओळखीच्या वाटतात. थोड्या मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आहेच. हा फुरसुंगीचा बनेश फेणे अंगाने काटकुळा असला, तरी कुठल्याही संकटात उडी घेतो.

बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना आणि त्यांच्या आजी-आजोबांना मिळून एकच पुस्तक द्यायचे झाले, तर मी प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ देईन. त्यातला लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांजवळ राहतो. त्याच्या डोक्यातले विचार वाचताना हसू येते आणि मधेच घसा दाटतो. आईची आठवण येणे ही लाजिरवाणी गोष्ट नाही, हे उपदेश न करता सांगणारे असे पुस्तक दुसरे मला माहीत नाही. भाषा त्या भागातली आहे. पहिली काही पाने नेटाने वाचावीत, पुढे अडचण येत नाही.

पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी द. मा. मिरासदारांच्या कथा वाचाव्यात. ‘व्यंकूची शिकवणी’, ‘भुताचा जन्म’, ‘माझ्या बापाची पेंड’ या कथा आपल्याच पारावर घडल्यासारख्या वाटतात. रात्री मोबाईलऐवजी एक कथा वाचून झोपल्यास झोपही बरी लागेल.

चाळिशी-पन्नाशीतल्यांना पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’. वजन कमी करा म्हटल्यावर रागावणाऱ्या माझ्या पेशंटांनी त्यातला ‘उपास’ जरूर वाचावा. बायकांनी मंगला गोडबोले यांचे विनोदी लेखन मिळवावे. घरकामाकडे इतक्या मिस्कील नजरेने फार थोड्यांनी पाहिले आहे.

साठीपुढच्यांसाठी चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. बोली आपली हवी असेल तर मराठवाड्याचेच लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आहे. एकटा माणूस बावन्न पात्रे उभी करतो. हे वाचण्यापेक्षा ऐकावे.

म्हाताऱ्या माणसांचे वाचन बहुधा आवड संपल्यामुळे सुटत नाही, ते दिसत नसल्यामुळे सुटते. चाळिशीचा नंबर बदललेला असतो किंवा मोतीबिंदू पिकत असतो. आधी डोळे तपासून घ्यावेत आणि वाचताना उजेड पाठीमागून, खांद्यावरून घ्यावा. अक्षरओळख नसलेल्या आजीला नातवाने वाचून दाखवावे. त्यात आजीची करमणूक होते आणि पोराचे वाचन सुधारते.

थोडे पथ्यही सांगतो. पोटाचे ऑपरेशन ताजे असेल तर टाक्यांवर उशी दाबून धरून हसावे. दमेकऱ्यांना जोरात हसताना ढास लागू शकते, म्हणून पंप जवळ ठेवावा. हसताना लघवी सुटते म्हणून कित्येक बायका हसणेच टाळतात. यात लाजण्यासारखे काही नाही. व्यायामाने पुष्कळ फरक पडतो, म्हणून डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्वी हसणारा-बोलणारा माणूस दोन आठवडे कशानेच हसत नसेल, जेवणावरून आणि कामावरून मन उडाले असेल, झोप मोडत असेल, तर त्याच्या हातात विनोदी पुस्तक देऊन भागणार नाही. तो नैराश्याचा आजार असू शकतो. कर्जाने आणि नापिकीने माणसे कशी खचतात, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. अशा माणसाला एकटे सोडू नये. मरणाची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येते.

बाकीच्यांनी या आठवड्यात गावच्या वाचनालयात जावे. वाचनालय नसेल तर शाळेच्या कपाटात पाहावे. गुरुजींनीही पुस्तके फाटतील या भीतीने कपाटाला कुलूप लावून ठेवू नये. पुस्तक फाटले तर चिकटवता येते. मात्रा रोज एक गोष्ट, रात्री जेवणानंतर, शक्यतो मोठ्याने वाचून.